शाळेतील दुसरा राउटर : सेतू की मार्गयोजक?

शाळेत इंटरनेटची पहिली पेटी बसते तेव्हा फारशी अडचण उभी राहत नाही. जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, प्रकाशतंतूची तार भिंतीतून आत घेतो, मुख्याध्यापकांच्या टेबलाजवळ पेटी ठोकतो आणि निघून जातो. अडचण येते ती दुसऱ्या पेटीबरोबर. संगणकाची खोली अंगणापलीकडे असते. तेथवर बिनतारी लहरी पोहोचत नाहीत. म्हणून ग्रामस्थांच्या देणगीतून एक राउटर विकत आणला जातो, कार्यालयातून लांब केबल ओढून त्यास जोडली जाते, आणि मुलांच्या संगणकांवर इंटरनेट सुरू झालेले पाहून सर्वांस समाधान वाटते. दुसऱ्या दिवशी तक्रार येते की, कार्यालयातील प्रिंटर त्या खोलीतील एकाही संगणकास सापडत नाही. सातासमुद्रापलीकडचे संकेतस्थळ दिसते आणि साठ पावलांवरचा प्रिंटर दिसत नाही, हे काय गौडबंगाल आहे ते कोणासच कळत नाही. वस्तुतः प्रिंटर बिघडलेला नसतो आणि केबलही तुटलेली नसते. दुसऱ्या पेटीकडे जे काम सोपविले गेले आहे ते शाळेस हवे असलेले काम नव्हे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

राउटर या नावाने जी पेटी बाजारात मिळते तिच्या अंगी दोन निरनिराळी कामे करण्याची शक्ती असते. एक काम सेतूचे. त्यास ब्रिजिंग म्हणतात. दुसरे काम मार्गयोजनेचे. त्यास राउटिंग म्हणतात. पेटी एकच, तिची मांडणी कशी केली यावर ती कोणते काम करील हे ठरते. या दोहोंतील भेद समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास दोन ओळखी असतात.

पहिली ओळख म्हणजे यंत्राचे जन्मनाव. त्यास मॅक पत्ता म्हणतात. कारखान्यातच ते यंत्रास मिळते. ते ४८ द्विमान अंकांचे असून कागदावर सहा जोड्यांनी लिहितात. त्यांपैकी पहिल्या तीन जोड्यांवरून साधारणतः कारखानदार कोण ते कळते. (अलीकडचे मोबाइल फोन मात्र, आपला माग कोणी काढू नये म्हणून, जागोजागी निराळे नाव सांगतात. त्यामुळे हे नाव कायमचे असते असा हट्ट वर्गात धरू नये.) दुसरी ओळख म्हणजे वस्तीचा पत्ता, त्यास आयपी पत्ता म्हणतात. तो १९२.१६८.१.२५ अशा चार आकड्यांनी लिहितात. शाळेसारख्या लहान जाळ्यात त्यांतील पहिले तीन आकडे बहुधा गावाचे व शेवटचा आकडा माणसाचा असे समजण्यास हरकत नाही. हीच वाटणी यंत्रास समजावी म्हणून २५५.२५५.२५५.० असा आणखी एक आकडा त्यास दिलेला असतो. माणूस गाव सोडून गेला म्हणजे त्याचे नाव तेच राहते, पत्ता बदलतो. यंत्राचेही तसेच आहे.

सेतू फक्त जन्मनाव पाहतो. कोकणात ओढ्यावर साकव घातला म्हणजे अलीकडची व पलीकडची वाडी एक होते. दवंडी पिटणारा साकवावरून सहज पलीकडे जातो आणि त्याची हाळी दोन्ही वाड्यांस ऐकू येते. ब्रिज तेच करतो. जाळ्याच्या दोन तुकड्यांमध्ये तो बसतो, प्रत्येक संदेशावरील पाठविणाऱ्याचे नाव वाचतो आणि हे नाव कोणत्या बाजूचे याची मनाशी नोंद ठेवतो. काही क्षणांतच कोण कोठे राहतो हे त्यास कळून चुकते. मग ज्याचा घेणारा त्याच बाजूस आहे तो संदेश तो पलीकडे नेत नाही. पलीकडचा असेल तरच नेतो. ठाऊकच नसेल तर सर्वत्र धाडतो. आणि जी सर्वांस उद्देशून दवंडी असते ती तो कधीही अडवीत नाही. बराच वेळ ज्याचा आवाज आला नाही त्याचे नाव तो वहीतून खोडतो. यंत्र एका जागेवरून दुसरीकडे हलविले तरी चालते, ते यामुळेच.

मार्गयोजकाचे वर्तन टपाल कचेरीसारखे आहे. एका गावातील माणसास दुसऱ्या गावी पत्र धाडावयाचे असले तर तो स्वतः हाका मारीत हिंडत नाही. पत्र कचेरीत नेऊन देतो. संगणकही पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याच्या पत्त्यातील गाव पाहतो. गाव आपलेच असेल तर थेट देतो. परके असेल तर संदेश आपल्या गावच्या राउटरच्या हवाली करतो. येथे एका पाकिटात दुसरे पाकीट असते, ही खुबीची गोष्ट आहे. बाहेरच्या पाकिटावर जन्मनाव, आतल्यावर वस्तीचा पत्ता. राउटर बाहेरचे पाकीट फाडून टाकतो, आतला पत्ता वाचतो, आपल्या जवळच्या मार्गांच्या यादीत पाहतो आणि पुढच्या मुक्कामाचे नाव घातलेल्या नव्या पाकिटात ते पत्र घालतो. सेतू पाकिटास हात लावीत नाही. मात्र टपाल कचेरीत पत्रे जातात, दवंडी जात नाही. एका गावची दवंडी वेशीवर थांबते.

आता प्रिंटरचे कोडे उलगडते. संगणक प्रिंटर शोधतो तो दवंडी पिटून : ‘येथे कोणी छापणारा आहे काय?’ नवी पेटी राउटर म्हणून बसविल्यामुळे संगणकाच्या खोलीचे निराळे गाव झाले, आणि हाक वेशीवरच विरली.

दुकानातून आणलेल्या पेटीत आणखी एक व्यवस्था असते, आणि ती शिक्षकांस समजावयास सर्वांत सोपी आहे, कारण तिचे प्रतिरूप प्रत्येक शाळेत आहे. ती म्हणजे आवक-जावक नोंदवही. शाळेतून बाहेर जाणारे पत्र कोणत्याही शिक्षकाने लिहिलेले असो, ते शाळेच्याच नावाने जाते. त्यावर जावक क्रमांक पडतो. उत्तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन येते आणि वही पाहून योग्य शिक्षकाकडे पोहोचते. राउटर असेच करतो. आतील सर्व यंत्रांची पत्रे तो आपल्या एकाच पत्त्याने बाहेर धाडतो, क्रमांक टिपून ठेवतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्यास देतो. या युक्तीस नॅट म्हणतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघर आणि शाळोशाळी तेच ते असूनही घोटाळा होत नाही, तो यामुळे. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवल्याचा ठराव १९९६ मधला आहे. बाहेरून आपणहून आलेल्या, जावक क्रमांक नसलेल्या पत्राचे काय करावे हे वहीत लिहिलेले नसते; म्हणून राउटर ते टाकून देतो. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे मुख्याध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे. वर सांगितलेल्या शाळेत पहिली पेटी कार्यालयात आहे आणि मुलांची खोली दुसऱ्या राउटरच्या आत आहे. पुष्कळांची समजूत अशी होते की, मुलांस निराळे गाव करून दिले, आता कार्यालय सुरक्षित झाले. प्रत्यक्ष स्थिती उलट असते. आत मुले आहेत आणि बाहेर कार्यालय आहे. कार्यालयातील यंत्र मुलांच्या यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही. पण मुलांच्या यंत्रावर कार्यालयीन संगणकाचा आयपी पत्ता लिहिला तर मार्ग मोकळा असतो. दिसत नाही म्हणजे पोहोचता येत नाही असे नव्हे. दवंडी थांबली आहे, टपाल चालूच आहे. आणि कार्यालयाच्या संगणकावर काय असते? मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकेचे खाते. एखादी पुस्तिका त्या संगणकावर सामायिक ठेवलेली असली तर तिच्यासाठी उघडलेले दार कोणासाठी उघडे आहे याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो. यास्तव दोन गावे करावयाची असतील तर जपावयाचे गाव आत असावे. मुलांची यंत्रे पहिल्या पेटीवर आणि कार्यालयाची यंत्रे दुसऱ्या राउटरच्या मागे ठेवावीत. प्रिंटर मुलांच्याच बाजूस ठेवून त्यास एक कायमचा आकडा द्यावा. कार्यालयातील संगणकांवर तो आकडा हाताने लिहिला की त्यांसही छापता येते. मात्र दोन गावांस दोन भिन्न क्रमांक हवेत. पहिली पेटी १९२.१६८.१ ची असेल तर दुसरीस, उदाहरणार्थ, १९२.१६८.५.१ हा पत्ता द्यावा. वेशीच्या आत व बाहेर एकाच नावाचे गाव असले तर टपालवाला तरी काय करणार?

परंतु बहुतेक लहान शाळांत दोन गावांची गरजच नसते. कार्यालयाचा संगणक एक, त्यावर परवलीचा शब्द, सामायिक काही नाही. हवी असते ती केवळ लांबवर पोहोचणारी बिनतारी जोडणी. तेथे दुसऱ्या पेटीस सेतू करावे. कित्येक नव्या पेट्यांत अ‍ॅक्सेस पॉइंट नावाची निवड असते. ती केली की पेटी आपोआप सेतू होते. नसेल तर हाताने करावयाचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण क्रम चुकू देऊ नये. नवी पेटी जुन्या जाळ्यास अद्याप न जोडता, एकच संगणक केबलने तिच्या लॅन पोर्टास जोडावा आणि तिच्या तळाशी चिकटविलेल्या पत्त्यावर जाऊन मांडणीचे पान उघडावे. प्रथम बिनतारी जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द घालावा. नंतर पेटीचा स्वतःचा पत्ता बदलावा : पहिली पेटी १९२.१६८.१.१ असेल आणि ती इतरांस २ पासून २०० पर्यंतचे आकडे वाटीत असेल, तर नवीस १९२.१६८.१.२५० द्यावा. पेटी पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर पान उघडून तिचे डीएचसीपी हे काम बंद करावे. मग कार्यालयातून आलेली केबल तिच्या लॅन पोर्टात घालावी. वॅन अथवा इंटरनेट असे लिहिलेले पोर्ट रिकामे ठेवावे. रंग निराळा असल्यामुळे हात नेमका त्याच पोर्टाकडे वळतो, आणि तेथेच चूक होते.

डीएचसीपी बंद करण्याची पायरी विसरली तर काय होते ते सांगितलेले बरे. डीएचसीपी म्हणजे नव्याने आलेल्या यंत्रास आकडा देणारा कारकून. एका वर्गास दोन शिक्षक स्वतंत्रपणे हजेरी क्रमांक देऊ लागले तर जी दशा होईल ती येथे होते. कधी दोन यंत्रांस एकच आकडा मिळतो. कधी दुसरा कारकून बाहेरच्या जगाचा मार्ग म्हणून आपलेच नाव सांगतो, आणि त्याच्या वॅन पोर्टात तर काहीच नसते. परिणामी एका बाकावरील संगणक चालतो, शेजारचा चालत नाही. उद्या शेजारचा चालतो, हा चालत नाही. असा चंचल दोष दिसला म्हणजे कंपनीस दूषणे देण्यापूर्वी दोन कारकून आहेत काय ते पाहावे.

तिसरी एक मांडणी ऐकिवात येते, ती पहिल्या पेटीसच सेतू करण्याची. कंपनीच्या पेटीचे ब्रिज मोड म्हणतात ते हेच. मग ती प्रकाशाचे विजेच्या खुणांत रूपांतर करण्यापुरती उरते आणि मार्गयोजना, जावक वही, आकडेवाटप हे सर्व शाळेचा राउटर करतो. दोन राउटर एकापुढे एक असले की जावक क्रमांक दोनदा पडतात. साध्या वाचनास त्याचा उपद्रव होत नाही, पण बाहेरून शाळेतील यंत्राशी बोलावयाचे असेल तेव्हा होतो. अशा वेळी ही मांडणी उपयोगी पडते. परंतु ती करण्यापूर्वी जोडणीचे नाव व परवलीचा शब्द कंपनीकडून लेखी घ्यावा, कारण यापुढे तो शाळेच्या राउटरमध्ये घालावा लागतो. त्या पेटीची स्वतःची बिनतारी लहर बहुधा बंद पडते. तिच्यावर दूरध्वनी असेल तर तोही चालू राहील काय, हे विचारून घ्यावे. ज्या शाळेत याची निकड नाही तिने या वाटेस जाऊ नये.

शेजाऱ्याची जोडणी घेतलेली असेल तेथे मात्र सेतू वर्ज्य समजावा. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पंचायतीच्या इमारतीतून शाळेस केबल आली असेल तर ती शाळेच्या राउटरच्या वॅन पोर्टातच घालावी. दोन संस्था, दोन गावे.

सेतूचा एक मोठा दोष अद्याप सांगावयाचा राहिला आहे. टपालातील पत्रावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि शून्य झाले की पत्र नष्ट करतो. त्यामुळे वाट चुकलेले पत्रही कधीतरी मरते. सेतूवरून जाणाऱ्या पाकिटास असा आकडा नाही. दोन सेतूंनी वर्तुळ झाले तर सर्वांस उद्देशून निघालेली दवंडी त्या वर्तुळात अखंड फिरत राहते. दुसरी तिला मिळते, तिसरी मिळते, आणि क्षणभरात जाळे गच्च भरून सर्व यंत्रे मुकी होतात. शाळेत हे घडावयास फार काही लागत नाही. लोंबणारे केबलचे टोक पाहून कोणी नीटनेटका विद्यार्थी ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात घालतो, आणि दुसरे टोक आधीच तेथे असते.

या दोषावरील उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८५ मध्ये शोधून काढला. सेतूंनी आपापसांत बोलून एकास मूळ ठरवावे, प्रत्येकाने मुळाकडील सर्वांत जवळची वाट ठेवावी आणि बाकीच्या जादा वाटा मिटून घ्याव्यात. चालू वाट तुटली तर मिटलेली उघडावी. झाडास फांद्या असतात पण फांद्यांचे वर्तुळ होत नाही, म्हणून या रीतीस स्पॅनिंग ट्री म्हणतात. स्वस्त स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. आणि असली तरी तिलाही मर्यादा आहे : तिच्यातील वेळेची गणिते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक सेतू नसावेत, असे धरून केलेली आहेत.

ही मर्यादा ओलांडल्याची किंमत नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन शहरातील बेथ इझ्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयास द्यावी लागली. तेथील जाळे वर्षानुवर्षे तुकड्यास तुकडा जोडीत वाढले होते आणि त्याचा मोठा भाग सेतूंनी सांधलेले एकच अवाढव्य गाव होऊन बसला होता. एका संशोधकाने प्रचंड माहिती जाळ्यावर सोडली, ते निमित्त झाले. सेतूंचा आपापसांतील संवाद तुटला, मिटलेल्या वाटा उघडल्या, आणि वर्तुळे फिरू लागली. सुमारे चार दिवस रुग्णालयाचे संगणक भरवशाचे राहिले नाहीत. तपासण्यांचे निकाल व औषधांच्या सूचना कागदावर लिहून हातोहात न्याव्या लागल्या, आणि कागदावर काम करण्याची सवयच नसलेल्या तरुण डॉक्टरांस जुन्या मंडळींनी ती शिकविली. अखेर जाळ्याची गावे पाडून त्यांच्यामध्ये राउटर बसविण्यात आले. ही हकीकत रुग्णालयाने झाकून ठेवली नाही. इतरांस कळावी म्हणून ती जाहीरपणे मांडली, हे त्याच्या माहितीप्रमुखांस भूषणावह आहे.

सहावी-सातवीच्या वर्गात हा विषय संगणकास हात न लावता शिकविता येतो. वर्गाच्या दोन बाजूंस सहा-सहा मुले बसवावीत. मध्ये एक चुणचुणीत मुलगी वही घेऊन उभी करावी, ती सेतू. प्रत्येक चिठ्ठीवर ‘कोणाकडून’ आणि ‘कोणास’ एवढेच लिहावे आणि ती मोठ्याने वाचून दाखवावी. मधल्या मुलीने दर वेळी ‘कोणाकडून’चे नाव व त्याची बाजू टिपावी, आणि वही पाहूनच चिठ्ठी पलीकडे न्यावी अथवा न न्यावी. दहा-बारा चिठ्ठ्यांत तिच्या खेपा निम्म्यावर येतात, आणि त्या का कमी झाल्या हे मुले शिक्षकांनी न सांगता ओळखतात. नंतर दोन बाजूंस दोन गावांची नावे द्यावीत, चिठ्ठ्या पाकिटात घालाव्यात आणि मधल्या मुलीस टपाल कचेरी करावे. ‘सर्वांस’ लिहिलेली चिठ्ठी तिने नाकारली की मुले तक्रार करतील. ती तक्रार फळ्यावर लिहून ठेवावी, कारण प्रिंटरची तक्रार तीच आहे.

शेवटी खेळ पुन्हा सेतूचा करावा आणि मध्ये दोन मुली उभ्या कराव्यात. उजवीकडील एका मुलाने ‘सर्वांस’ अशी एकच चिठ्ठी वाचावी. दोघी तिची नक्कल डावीकडे नेतील. पहिलीने वाचलेली दुसरी ऐकेल व पुन्हा उजवीकडे आणील, दुसरीने वाचलेली पहिली आणील, आणि त्या मुलाचे नाव कोणत्या बाजूचे म्हणून लिहावे हे दोघींसही कळेनासे होईल. वर्गात हशा पिकेल व गलका होईल. तो तसाच मिनिटभर चालू द्यावा. मग एकीस खाली बसावयास सांगावे, आणि वर्ग शांत होण्यास किती वेळ लागतो ते मुलांसच घड्याळावर मोजावयास लावावे.